चहा : औषधाच्या पुडीपासून न्याहारीच्या पेल्यापर्यंत

खेड्यातल्या शाळेत सकाळची प्रार्थना आटोपली, मुले आपापल्या जागी बसली, की गुरुजींनी एखाद्या दिवशी सहज विचारून पाहावे, "काय रे, आज घरून काय खाऊन आलात?" पुष्कळ मुले सांगतील, "चहा-चपाती." कुणी म्हणेल, "चहा-बटर." एखादे पोर मान खाली घालून नुसतेच "च्या" म्हणेल. गंमत अशी, की त्याच पोराच्या दारात म्हैस बांधलेली असते. दूध उजाडायच्या आत डेअरीच्या कॅनमध्ये गेलेले असते आणि मागे राहिलेल्या पावशेरात घरातल्या सहा माणसांचा चहा होतो.

आणि याच घरात मोबाइलवर रोज नवे आरोग्यशास्त्र येऊन पडत असते. हिरव्या चहाने चरबी झडते, काळा चहा काळजाला चांगला, पांढरा चहा म्हणजे तारुण्य, गुळाच्या चहाने रक्त वाढते! तेव्हा म्हटले, आज या चहाची कुळकथा आपल्यापुढे मांडावी. कारण हे दावे काही आजचे नाहीत. चहा हा मुळी औषध म्हणूनच जगात हिंडला, आणि त्याचे गुण कोण गातो आहे, हे पाहिल्याशिवाय ते गुण कधीच नीट समजले नाहीत.

प्रथम एक गोष्ट पक्की करू. हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग ही निरनिराळी झाडे नव्हेत. झुडूप एकच, शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. चीनकडची जात बारीक पानाची, आसामकडची रुंद पानाची, एवढाच भेद. छाटले नाही तर आसामी चहाचा चांगला वृक्ष होतो. पाने खुडायला सोपे जावे म्हणून तो कमरेएवढा ठेवतात. शेंड्याची दोन पाने आणि मधली कळी खुडली, की पुढचा सगळा खेळ माणसाच्या हातात.

तो खेळ समजायला स्वयंपाकघरात जावे. वांगे चिरून तसेच ठेवले तर थोड्या वेळात काळे पडते ना? फोडीतला रस हवेला लागतो म्हणून ते होते. चहाच्या पानाचेही तेच. पान कोमेजू दिले, मळले, हवेवर पसरून ठेवले, की ते तांबूस होत जाते. मग भट्टीत सुकवले की झाला काळा चहा. बागेतले लोक याला आंबवणे म्हणतात, पण हे इडलीचे पीठ आंबवण्यासारखे नव्हे, वांगे काळे पडण्यासारखे आहे. पान खुडल्यावर लगेच उष्णता दिली, म्हणजे चीनमध्ये कढईत परतले किंवा जपानात वाफवले, तर ते काळे पडायची शक्तीच मरते आणि हिरवा चहा होतो. अर्ध्यावर थांबवले तर ऊलाँग. कोवळ्या कळ्या न मळता नुसत्या कोमेजवून सुकवल्या तर पांढरा. चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर तेवढा जंतूंच्या मदतीने खरोखर मुरवला जातो. आपल्याकडचा दाणेदार चहा हा मात्र यंत्राचा. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर याने दातेरी रूळ बसवले. त्यांत पान चिरडले, फाडले, वळवले जाते. यालाच सीटीसी म्हणतात. पाणी लवकर तांबडे होते, दुधात उकळला तरी रंग टिकतो आणि थोड्या पुडीत जास्त पेले निघतात. गरिबाच्या चुलीवर चहा चढला, त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे.

आता मूळ कथेकडे. चिनी दंतकथा अशी, की शेन नुंग नावाचा फार प्राचीन राजा वनस्पतींचे गुणावगुण स्वतः चाखून पाही; त्याच्या उकळत्या पाण्यात चहाचे पान उडून पडले. ती दंतकथाच. पण आठव्या शतकात लू यू नावाच्या पंडिताने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हे खरे. त्या काळी चहाच्या वड्या थापत, भाजत, कुटत आणि पाण्यात उकळत, मीठही घालत. सुटी पाने गरम पाण्यात टाकून प्यायची रीत पुढे रूढ झाली आणि १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने वड्यांच्या रूपातला नजराणा बंद केल्यावर ती पक्की झाली. चहा पिणारा माणूस पाणी उकळून पितो, हा त्यातला मोठा फायदा. पटकीच्या आणि हगवणीच्या जगात त्याचे मोल फार. मात्र तो गुण पानाचा कमी आणि चुलीतल्या विस्तवाचा जास्त, हे ध्यानात असू द्या.

जपानात चहा रुजवला तो एइसाई नावाच्या बौद्ध भिक्षूने. ११९१ साली तो चीनहून परतला, तेव्हा चहाचे बी घेऊन आला. १२११ मध्ये त्याने चहा पिऊन प्रकृती राखण्याविषयी पुस्तक लिहिले. त्याची उपपत्ती मोठी मजेची आहे. शरीरातल्या पाच अवयवांना पाच रस लागतात. हृदयाला कडू रस हवा, आणि तो नेहमीच्या जेवणात मिळत नाही, म्हणून चहा घ्यावा. १२१४ साली तिथला शोगुन सानेतोमो दारू जास्त झाल्याने डोके धरून बसला होता. एइसाईने त्याला चहा पाजला आणि सोबत आपल्या पुस्तकाची प्रतही दिली. औषध आणि जाहिरात एकाच तबकात!

आपल्या बाजूला चहा केव्हा आला? पुष्कळांना वाटते, इंग्रजांनी आसामात बागा लावल्यावर. नाही. सुरत बंदरात तो फार आधी होता. १६३८ मध्ये मांडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेत होता. तिथे रोजच्या बैठकीत चहा असे, आणि पोट साफ करणारे, अन्न जिरवणारे औषध म्हणून तो घेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १६८९ मध्ये आलेला ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सांगतो, की तिथले लोक चहात उष्ण मसाले घालून उकळतात आणि डोकेदुखी, मूतखडा व पोटातली कळ यांवर घेतात. कुणी खडीसाखर घालते, कुणी मुरवलेले लिंबू. म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली १६६४ साली, तेव्हा त्या पेठेत चहाची पुडी मिळत असली पाहिजे! मसाल्याचा चहा ही आजकालची टूम नव्हे, तो आपला जुना काढाच आहे. शब्दही बघा. चीनमध्ये काही भागांत 'चा' म्हणतात, फुकियेनकडे 'ते'. पोर्तुगिजांनी मकावहून 'चा' उचलला, डचांनी 'ते'. आपल्या खेड्यातला 'च्या' त्या चिनी उच्चाराला शहरी 'चहा'पेक्षा जवळ आहे, तेव्हा मुलांना हसू नये.

युरोपात काय झाले? तेच, फक्त आवाज मोठा. १६६० च्या सुमारास लंडनच्या थॉमस गार्वे या दुकानदाराने एक पत्रक छापले. डोकेदुखी, मुतखडा, जलोदर, झोपाळूपणा, सगळ्यांवर चहा गुणकारी, आणि म्हातारपणापर्यंत प्रकृती ठणठणीत! भाव पौंडाला सोळा ते पन्नास शिलिंग, म्हणजे फक्त श्रीमंतांची प्रकृती ठणठणीत व्हायची होती. हॉलंडात बोंतेको नावाच्या डॉक्टराने १६७८ च्या सुमारास याच्यावर कळस चढवला. दिवसाला आठ-दहा पेले हे कमीत कमी. पन्नास, शंभर, दोनशे प्यालात तरी हरकत नाही, असा त्याचा सल्ला. डच ईस्ट इंडिया कंपनी चहा विकत होती. डॉक्टरांच्या सल्ल्यामागे तिचा पैसा असावा, असा संशय पुढे लोकांनी घेतला. उलट १७५६ मध्ये जोनास हॅन्वे या इंग्रज गृहस्थाने चहावर तुटून पडणारा निबंध लिहिला. चहाने नसा दुबळ्या होतात, गरीब बायका पोरांचे पोषण सोडून चहावर पैसा घालतात, अशी त्याची ओरड. डॉक्टर जॉन्सन या पंडिताने, जो स्वतः अट्टल चहाबाज होता, त्याची खिल्ली उडवली. पण पोरांच्या पोषणाचा हॅन्वेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो पुढे येईलच.

एवढा चहा पिऊनही युरोपाला झाड ठाऊक नव्हते. लिनियससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६२ मध्ये हिरव्या चहाचे झाड वेगळे आणि काळ्याचे वेगळे, अशी दोन नावे देऊन टाकली. हा गुंता सोडवला रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉच माळ्याने. १८४३ पासून तो चीनमध्ये हिंडला आणि एकाच झुडपापासून दोन्ही चहा होतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पुन्हा पाठवले, रोपे आणि कारागीर घेऊन यायला. चिनी वेष करून तो हिरव्या चहाच्या कारखान्यात शिरला, तर काय दिसले? कामगारांचे हात निळे. परदेशी पाठवायच्या चहाला छान हिरवा रंग यावा म्हणून ते त्यात निळा रासायनिक रंग आणि जिप्समची भुकटी मिसळत होते. फॉर्च्यूनने हिशेब केला, की अशा शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि भुकटी गिऱ्हाइकाच्या पोटात जाते. कारागिरांना विचारले, तर ते म्हणाले, आम्ही स्वतः हा पीत नाही, परदेशी लोकांना असाच आवडतो! आरोग्यासाठी म्हणून महागाचा हिरवा चहा घेणाऱ्यांची ही कथा. शिक्षकहो, बाजारातली सुटी पूड रंगवलेली आहे का, हे शाळेत सहज पाहता येते. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरा. कागदावर लगेच लाल-पिवळे डाग फुटले, तर तो रंग पानाचा नव्हे.

चीनचा चहा चांदी मोजून घ्यावा लागे. ती चांदी वाचवायला इंग्रजांनी अफू विकली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. त्यातून १८३९ ते १८४२ चे युद्ध झाले. तोवर आसामात चहा सापडलाच होता. सापडला म्हणजे काय, सिंगफो लोक तो पिढ्यान्‌पिढ्या पीतच होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस तिथे पोहोचला तो मणिराम देवान यांच्या सांगण्यावरून. १८३९ मध्ये लंडनला आसामी चहाचा पहिला लिलाव झाला, त्याच वर्षी आसाम कंपनी निघाली. मणिराम यांनी पुढे स्वतःच्या बागा लावल्या. सत्तावनच्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी १८५८ मध्ये त्यांना फाशी दिले. बागांसाठी मजूर मात्र छोटा नागपूर, ओरिसा, तेलंगण अशा लांबच्या मुलखांतून करारावर नेले गेले, आणि तापाने, अशक्तपणाने ते किती मेले याचा विचार चहाच्या गुणगानात कुणी केला नाही. १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर बागा सोडून घराकडे निघाले. चांदपूरला त्यांच्यावर गुरखे शिपाई सोडण्यात आले, मागोमाग पटकी आली.

हा सारा चहा विलायतेसाठी. आपल्या लोकांनी तो प्यावा, ही कल्पना उशिराची. १९०३ मध्ये निर्यातीवर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या मंदीत विलायतेची मागणी घसरली, तेव्हा मळेवाल्यांनी देशी खेड्यांकडे मोर्चा वळवला. स्टेशनावर पत्र्याच्या पाट्या, बाजारात गाड्या, फुकट पेले, चहा कसा करावा याची शिकवण. दूध वेगळे, पाणी ताजे उकळलेले, पानावर नुसते ओतायचे. आपल्या लोकांनी पेला घेतला, शिकवण बाजूला ठेवली, आणि पाणी, दूध, साखर, आले सगळे एकत्र उकळले! १९४७ मध्ये तर चरख्याशी बसलेली बाई दाखवून चहा शंभर टक्के स्वदेशी आहे, अशी जाहिरात निघाली.

पुण्यात १८९० साली चहाने केवढे रण माजवले, ते आपल्याला ठाऊक असेल. पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, हजर असलेल्यांची नावे छापून आली, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, प्रायश्चित्ते झाली. पण ती भांडणे चहाच्या गुणाची नव्हती, तो कुणाच्या हातचा याची होती. गुणावर बोट ठेवले ते गांधीजींनी. आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात ते म्हणतात, की चहातल्या टॅनिनने कातडे कमावतात, पोटातल्या अस्तरावरही ते तसाच परिणाम करते. प्यायचाच तर गाळणीत पाने ठेवून वरून उकळते पाणी ओतावे, रंग गवताच्या काडीसारखा फिका असावा.

आता आजचे शास्त्र काय सांगते? पोटाचे कातडे होत नाही. तरतरी येते ती कॅफीनमुळे, जे कॉफीतही असते. १८३८ मध्येच सिद्ध झाले, की दोन्हींतले द्रव्य एक. बाकी जे तुरट द्रव्य आहे ते हिरव्या चहात एका रूपात आणि काळ्यात आंबवल्याने बदललेल्या रूपात असते. जपानात चाळीस हजारांवर माणसे बरीच वर्षे तपासली, २००६ मध्ये निष्कर्ष छापला. जास्त हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचे प्रमाण कमी, कर्करोगाच्या बाबतीत फरक नाही. इंग्लंडात जवळजवळ पाच लाख लोकांची पाहणी झाली, २०२२ मध्ये छापली. तिथले बहुतेक लोक आपल्यासारखे दूध घातलेला काळा चहा पिणारे. दोन किंवा अधिक पेले पिणाऱ्यांत मरणाचे प्रमाण दहा-बारा टक्क्यांनी कमी. म्हणजे हिरव्यापायी खिसा रिकामा करण्याची गरज नाही. शिवाय अशा पाहणीतून चहामुळेच आयुष्य वाढले, असे सिद्ध होत नाही, हेही लक्षात घ्या. चरबी झडण्याचे म्हणाल, तर परिणाम नगण्य. पाच पेल्यांत दोन-दोन चमचे साखर घातली, की पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा तेवढीच आहे. गुळानेही हिशेब बदलत नाही. चटका बसेल असा गरम चहा, ६५ अंशांच्या वर, अन्ननलिकेला घातक ठरू शकतो, असे २०१६ मध्ये तज्ज्ञांनी सांगितले. त्या दृष्टीने बशीत ओतून, फुंकर घालून पिणारी आपली जुनी माणसे शहाणीच म्हणायची!

आणि परसातला गवती चहा? त्याला नाव चहाचे, पण कूळ वेगळे. ते सुगंधी गवत आहे. त्यात कॅफीन नाही. पावसाळ्यात आल्याबरोबर उकळून घेतला तर बरे वाटते, घाम सुटतो. लहान मुलांना उबदार काही द्यायचेच असेल, तर मला तो चहापेक्षा बरा वाटतो.

कारण आपल्या खेड्यांपुरता खरा प्रश्न लोहाचा आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ स्त्रिया आणि पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ६९ मुले रक्ताने कमी निघाली. भाकरी, भाजी, डाळ यांतले लोह आधीच अंगी लागायला जड. त्यासोबत चहा घेतला, तर तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि ते तसेच बाहेर पडते. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी भात आणि बटाटा-कांद्याचे सार यांच्या जेवणावर हे तपासले. चहाबरोबर अंगी लागणारे लोह पाण्याच्या मानाने चौथाईच्या आसपास उतरले. दोन वेळचे मांस खाणाऱ्या साहेबाला याचे काही वाटत नाही. नाचणी-मेथीवर राहणाऱ्या बाळंतिणीला वाटते. जेवणानंतर तासभर थांबून चहा घेतला, तर हे नुकसान बरेच टळते. भाजीवर लिंबू पिळले तर लोह जास्त लागते. आणि पोराच्या पेल्यात चहाऐवजी घोटभर दूध ठेवायला डेअरीला घालायच्या मापातून पावशेर कमी करावे लागेल. त्या पैशाचा हिशेब प्रत्येक घराचा निराळा, आणि तो माझ्यापेक्षा ती माउली चांगला जाणते. शाळेत वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या चहाबरोबर गिळू नयेत, एवढे तरी गुरुजी सांगू शकतील.

सांगण्यापेक्षा दाखवावे. आपल्या जुन्या पोथ्या लिहिणारे हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत. हिरडा म्हणजे तुरट द्रव्य, हिराकस म्हणजे लोह. वर्गात एका काचेच्या पेल्यात दूध न घातलेला कोरा चहा घ्या, दुसऱ्यात नुसते पाणी. लोहाची एक गोळी वरचे कवच काढून कुटा, थोडी थोडी दोन्ही पेल्यांत टाका आणि काडीने ढवळा. चहाचा पेला पाहता पाहता काळा पडेल. मुलांना हवे असेल, तर त्यात बोरू बुडवून कागदावर आपले नाव लिहू द्या.